नक्कल आणि रुजुवात

महसूल खात्यात उमेदवारी करीत असता जे धडे मला गिरवावे लागले, त्यांत नक्कल तयार करण्याचा धडा सर्वांत रुक्ष होता, आणि आयुष्याला तोच सर्वांत अधिक पुरला. कोणा अर्जदाराने फेरफाराची किंवा जुन्या खासरा पत्रकाची नक्कल मागितली, की मूळ दप्तर सोडावयाचे, त्यातील मजकूर शब्दशः उतरावयाचा, वाळवीने अथवा शाईच्या डागाने एखादे अक्षर लोपले असेल तर ते आपल्या तर्काने भरून न काढता तेथे तसा शेरा लिहावयाचा, आणि मग दुसऱ्या इसमाने मूळ व उतारा समोरासमोर ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहावयाचे. या ताडून पाहण्याला कचेरीच्या भाषेत रुजुवात म्हणतात. नकलेच्या तळाशी नक्कल करणाराच्या सहीशेजारी रुजुवात घेणाराची सही नसली, तर कागद कितीही सुवाच्य असो, त्यावर विश्वास ठेवू नये असा दंडक आहे. आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो पाळून मी नोकरी केली. सायंकाळी चावडीचे दार लावून घरी आल्यावर माझा जीव ज्या उद्योगात गुंतलेला असे, त्यात मात्र याच दंडकाने माझी कठोर परीक्षा घेतली. त्या उद्योगाची ही हकीकत आहे.

१९७६ साली ताडकळसच्या सज्जावर माझी नेमणूक झाली. गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे हे मोठे गाव; भोवताली कापूस आणि ज्वारी; आणि दप्तरखान्यात निजामी अमदानीतील उर्दू कागदांपासून चालू वर्षाच्या पीकपाहणीपर्यंत लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेला कागदांचा डोंगर. पुढे बदल्या होत राहिल्या, परंतु बिऱ्हाड मी येथून हलविले नाही. याचे एक कारण असे, की परभणीचे आकाशवाणी केंद्र आमच्या घरातील रेडिओवर स्वच्छ लागे. १३०५ किलोहर्ट्झवर काटा आणून ठेवला, की शनिवारी रात्री साडेनऊ वाजता संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू होई. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५२ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाने, ज्यांच्या पंचक्रोशीत कधी मैफल झाली नाही आणि होण्याचा संभवही नव्हता, अशा माझ्यासारख्या असंख्य माणसांना देशातील श्रेष्ठ गायकांच्या समोर आणून बसविले. १९७९ साली भविष्यनिर्वाह निधीतून अग्रिम काढून मी एक ध्वनिमुद्रक घेतला, आणि त्या दिवसापासून माझ्या घरातही एक दप्तर वाढू लागले.

आरंभी मला एवढेच वाटे, की जे ऐकले ते हरवू नये. परंतु हळूहळू एकाच गायकाच्या एकाच रागाची निरनिराळ्या प्रसंगीची मुद्रणे हाती येऊ लागली, आणि कचेरीतील सवय जागी झाली. मी ती एकामागून एक लावून ताडून पाहू लागलो. पं. भीमसेन जोशी यांच्या शुद्ध कल्याणाची माझ्यापाशी तीन मुद्रणे होती. एक तबकडीवरून उतरविलेले, दुसरे शनिवारच्या नभोवाणीवरून घेतलेले, आणि तिसरे पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात श्रोत्यांत बसलेल्या कोणी टिपलेले व चार हातांतून फिरत माझ्यापर्यंत पोहोचलेले. हा महोत्सव भीमसेनजींनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला. आणि गुरूच्या नावाने भरणाऱ्या त्या मांडवात ते गात, तेव्हा त्या गाण्याला निराळेच तेज चढे, असे प्रत्यक्ष ऐकणारी माणसे सांगत.

शुद्ध कल्याण हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. चढताना तो भूपासारखा पाच स्वरांनी चढतो. उतरताना मात्र तार षड्जावरून धैवताकडे येणाऱ्या मींडेत निषादाचा आणि पंचमावरून गंधाराकडे येणाऱ्या मींडेत तीव्र मध्यमाचा स्पर्श होतो, आणि त्या दोन स्पर्शांनीच तो भूपाहून वेगळा होतो. हे स्पर्श किती ठळक करावेत, मींड किती सावकाश ओढावी, मंद्र सप्तकात किती वेळ राहावे, हे सारे गायकाच्या मर्जीवर व त्या क्षणावर सोडलेले आहे. नियम थोडे आणि मोकळीक अपार, अशा रागाची तीन मुद्रणे शेजारी ठेवली म्हणजे एकाच शेताच्या तीन वर्षांच्या पीकपाहणीसारखे होते. गट तोच, चतुःसीमा त्याच, परंतु पाऊसपाणी निराळे, म्हणून उभे पीक निराळे.

तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावतात. तेवढ्या अवधीत विलंबित, द्रुत आणि ताना असा सारा संसार उरकावयाचा, म्हणून तेथे प्रत्येक आलाप मोजून घेतलेला. एकही स्वर वावगा नाही, एकही जागा अधिक नाही. नवख्याला राग समजावून द्यावयाचा असेल तर मी आजही तेच मुद्रण लावतो. नभोवाणीवरील गाण्याला अवकाश अधिक, पण समोर श्रोता नाही आणि भिंतीवर घड्याळ आहे. शिवाय आमच्याकडे दूर कोठे वीज चमकली तरी तिचा कडकडाट फितीत उतरे, आणि रात्र चढली म्हणजे लाटेसारखा आवाज ओसरून पुन्हा भरे. महोत्सवातील मुद्रण तर यंत्राच्या दृष्टीने सर्वांत वाईट. तंबोरे दूर, तबला जवळ, शेजारच्या गृहस्थांचा खोकला सर्वांत जवळ. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि ती संपली तेव्हा गायक विलंबितातच असल्यामुळे मींडेच्या मध्यावर गाणे तुटते. बाजू पालटून पुन्हा सुरू होईपर्यंत काय गायले गेले, ते मला या जन्मी कळणार नाही.

असे असूनही हे तिसरे मुद्रणच मला सर्वांत प्रिय झाले, आणि त्याचे कारण शोधण्यात माझी कित्येक वर्षे गेली. त्यात गायक मंद्र सप्तकात उतरतो आणि तेथे राहतो. गंधारावर येण्याची त्याला घाई नाही. षड्जाच्या खालचे धैवत-निषाद तो एकदा घेतो, परततो, पुन्हा घेतो. आणि चौथ्या-पाचव्या खेपेस एक मींड अशी येते की शेजारचे गृहस्थ खोकणे विसरतात. तबकडीवर जे आहे ते सापडलेले आहे. येथे ते सापडताना ऐकू येते. कचेरीत नकलेचे मोल ती मुळाशी किती तंतोतंत जुळते यावरून ठरते. येथे मूळ प्रत कोणाच्याच दप्तरी नाही. गुरूने दिलेली चीज घेऊन गायक दर रात्री नवी असल लिहितो, आणि दोन रात्रींची असल जेथे जुळत नाही, नेमकी तीच जागा रसिकाने कान देऊन ऐकण्याची असते.

हा प्रत्यय एकदा आल्यावर इतरांचे गाणेही मी याच रीतीने ऐकू लागलो. पं. मल्लिकार्जुन मन्सूर अनवट राग मध्य लयीत असे गात, की आरंभापासूनच सम गाठण्याची ओढ लागून राही. दोन मुद्रणांतील त्यांच्या समेवर येण्याच्या वाटा मी कागदावर मांडून पाहिल्या, तर त्या क्वचितच एक निघाल्या. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी श्वासाच्या नव्या मर्यादेतून जी गायकी उभी केली, तीत लहान लहान वाक्ये निरनिराळ्या बैठकींत निरनिराळ्या जागी येऊन बसत. आणि डॉ. वसंतराव देशपांडे! लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे आकडे जुळविणाऱ्या या कलावंताची मला आम्हा लेखणीबहाद्दरांच्या नात्याने विशेष ओढ आहे. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील त्यांची पदे ज्यांनी अनेक प्रयोगांत ऐकली, ते सांगत की शब्द तेच आणि चाल तीच असूनही मागच्या प्रयोगातले गाणे पुढच्या प्रयोगात भेटत नसे.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. एकदा सुटीत आला असता माझ्या फितींची मांडणी पाहून तो म्हणाला, “मामा, तुमच्यासारखी माणसं तिकडंही आहेत.” मग त्याने मला ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाविषयी सांगितले. १९६५ साली स्थापन झालेले हे मंडळ तेच गीत दर रात्री निराळ्या विस्ताराने वाजवी. श्रोत्यांनी ते टिपून घेण्यास त्यांची आडकाठी नव्हती, इतकेच नव्हे तर १९८४ पासून अशा श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागा राखून ठेवण्यात येई. फितींची देवघेव होई, विक्री मात्र निषिद्ध. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला त्यांचा कार्यक्रम रसिकांत इतका नावाजला गेला, की अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या सूचीत त्याचा समावेश केला. ते संगीत मी ऐकले. त्याची गोडी मला पुरती लागली असे म्हणता येत नाही. परंतु त्या रसिकांची एक शिस्त ऐकून मी मनोमन हात जोडले. प्रत्येक फितीवर तारीख, गाव, सभागृह, गीतांचा क्रम आणि ही मूळ प्रत की नकलेची नक्कल, एवढे सारे ते लिहून ठेवीत. आपल्याकडे हाती येणाऱ्या बहुतेक फितींवर गायकाचे नाव, रागाचे नाव आणि ‘फार छान’ एवढेच लिहिलेले असते.

आता ज्या मुद्रणांसाठी हे सारे लिहावयास बसलो, त्यांच्याकडे येतो. आमचा परभणी जिल्हा संतांचा. जनाबाईंचे गंगाखेड येथून जवळच. गावातील मंदिरात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होई, आणि काल्याच्या आदल्या रात्री एक वृद्ध भजनी बुवा जनाबाईंचा एकच अभंग भैरवीत गात. ते कोरडवाहू शेतकरी होते. रागाचे नाव त्यांना ठाऊक होते, व्याकरण ठाऊक नव्हते, आणि गळा मात्र असा की पहिल्या षड्जासरशी मांडवातील कुजबुज थांबावी. १९८१ ते १९८७ अशी सलग सात वर्षे मी तो अभंग टिपला. टिपण्यापूर्वी दरवर्षी त्यांची अनुज्ञा मागत असे, आणि ते दरवर्षी म्हणत, “घ्या भाऊसाहेब, पांडुरंगाचं आहे, माझं काय त्यात?”

मांडवातील विजेचा भरवसा नसल्याने मुद्रक बॅटरीच्या सेलांवर चालवावा लागे. चौथ्या वर्षीचे मुद्रण घरी लावले, तेव्हा बुवांचा आवाज चमत्कारिक चढलेला वाटला. वय वाढलेल्या माणसाचा स्वर वर जावा हे संभवनीय नव्हते. तेव्हा मंदिरातील पेटी माझ्या उपयोगी पडली. सातही वर्षे साथीला तीच पेटी होती आणि बुवा नेहमी काळी एकमध्येच गात. म्हणून पेटीपाशी बसून फीत लावून पाहिली, तो स्वर अर्ध्या सुराने वर, पांढरी दोनला जाऊन भिडलेला. म्हणजे त्या रात्री सेल उतरल्यामुळे टिपताना फीत सुमारे ६ टक्के मंद चालली होती, आणि नव्या सेलांवर पूर्ण वेगाने लावल्याबरोबर गाणे तितकेच जलद व उंच झाले होते. फितीवर मी तसा शेरा लिहिला. बुवांच्या गाण्याची रुजुवात अशा रीतीने एका जुन्या पेटीने घेतली, आणि एक खोटी नोंद माझ्या दप्तरातून टळली.

ती सात मुद्रणे ओळीने ऐकणे म्हणजे एक माणूस सात पायऱ्या उतरताना पाहणे होय. पहिल्या वर्षी अंतऱ्यात तार षड्ज सहज लागतो आणि वर मध्यमापर्यंत फेक जाते. तिसऱ्या वर्षी षड्ज लागतो, पण त्याआधी श्वास ऐकू येतो. पाचव्या वर्षी तो लागून लगेच सुटतो. आणि सातव्या वर्षी, ज्या जागी आजवर षड्ज येत होता त्या जागेपाशी येऊन बुवा क्षणभर थांबतात, कोमल निषादावर किंचित टेकतात, आणि वर न जाता कोमल धैवतावरून पंचमावर उतरतात. मृदंग त्यांच्यासाठी एक मात्रा अधिक थांबतो. ती उतरण ऐकून मांडवातील बायाबापड्यांनी जो निःश्वास टाकला, तो फितीत आहे. गळ्याने नाकारले ते मनाने दुसऱ्या वाटेने मिळविले, आणि जी जागा सहा वर्षे केवळ सुंदर होती ती सातव्या वर्षी खरी झाली. माझ्या संग्रहात मोठमोठ्या गायकांची मुद्रणे असताना सर्वांत प्रिय कोणते असे कोणी विचारले, तर मी हेच काढून देतो; आणि या निर्णयावर मला कोणाकडे अपील करावेसे वाटत नाही.

परंतु याच सात फितींच्या बाबतीत माझ्या हातून जो अपराध घडला, तो सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. फिती महाग, पगार बेताचा. १९८८ साली परभणीहून दुसरा मुद्रक उसना आणून मी ती सात मुद्रणे चार नव्या कॅसेटींवर, एका बाजूस एक वर्ष याप्रमाणे, उतरवून घेतली, आणि मूळच्या फिती पुन्हा टिपण्यासाठी वापरल्या. उतरविताना अभंगापूर्वीचा भाग मी गाळला. दोन यंत्रे शेजारी ठेवून, डाव्या हाताचे बोट थांब-कळीवर ठेवून मी बसलो होतो. पेटीचा सूर धरला जाई, टाळ सावरले जात, बुवा मृदंगवाल्याला काही सांगत, खाकरत, आणि पहिला षड्ज येताच मी बोट उचली. फीत वाचली, मुद्रण नेटके झाले, या समाधानात मी होतो. कचेरीत ज्याने शेऱ्याचा रकाना कधी कोरा सोडला नाही, त्यानेच घरी बसून सात वर्षांचे शेरे पुसून टाकले.

बुवा त्यानंतर फार वर्षे राहिले नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांचा नातू, जो आता पुण्यात एका कारखान्यात नोकरी करतो, तो घरी आला. मी त्याला सातही वर्षांचे गाणे ऐकविले. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “भाऊसाहेब, गाणं तर आहेच. पण आज्याचं नुसतं बोलणं आहे का हो कुठं? मी लहान होतो, मला त्यांचा बोलण्यातला आवाज आठवत नाही.”

मला तो आठवत होता. गाण्यापूर्वी मृदंगवाल्याकडे वळून ते दरवर्षी एकच वाक्य म्हणत: “लय जरा खाली ठेवा, रात आपलीच आहे.” ते वाक्य सात वेळा माझ्या फितीत आले होते आणि सातही वेळा मी ते माझ्या हाताने गाळले होते. मी त्या मुलाला ते म्हणून दाखविले. परंतु माझ्या तोंडची ती नक्कल होती, आणि तिची रुजुवात घेण्यास मूळ कोठेही उरलेले नव्हते.

तेव्हापासून मी माझ्या परीने भरपाई करीत आलो आहे. उरलेल्या सर्व फिती संगणकावर उतरवून घेतल्या. पण त्यातील खोकला, तंबोऱ्याची जुळवाजुळव, बाजू पालटताना तुटलेली मींड, विजेचा कडकडाट, यांतील काहीही काढले नाही. अकरा वर्षांचे भीमसेनजी १९३३ साली घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ते अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-चार मिनिटांची एक तबकडी ऐकून, असे सांगतात. एवढ्याशा मुद्रणातून कोणाला काय सापडेल, हे मुद्रण करणाराला आधी कळत नाही. म्हणून काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरविण्याचा अधिकारही त्याने आपल्याकडे घेऊ नये.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, औषधांच्या खोक्यात अशी एखादी फीत पडलेली असेल. आजीच्या ओव्या असतील, गावच्या जत्रेतील भारूड असेल, कोणा मास्तरांनी शाळेत गायलेले पद असेल. चुंबकीय फीत दमटपणाने व उन्हाने वर्षागणिक क्षीण होते, तेव्हा ती या उन्हाळ्यापूर्वी बाहेर काढावी, जाणत्याकडून उतरवून घ्यावी, आणि वर तारीख, गाव, गाणाराचे नाव व टिपणाराचे नाव लिहावे. नक्कल आरंभापासून अखेरपर्यंत घ्यावी, आणि मूळ फीत पुसू नये.

माझ्या त्या चारही फितींवर मी आता लाल शाईने शेरा लिहून ठेवला आहे: ‘गायनापूर्वीचे बोलणे नक्कल करणाराने वगळले. मूळ उपलब्ध नाही.’ खाली माझी सही आहे. शेजारची रुजुवातीची जागा कोरी आहे.